निकॉन एफ ३ : बिघाड कोणता आणि स्वभाव कोणता

निकॉनचा जुना फिल्म कॅमेरा एफ ३ विकत घ्यायला गेलेली माणसं बऱ्याचदा एकाच कारणासाठी तो परत ठेवतात. मागचं झाकण उघडायचं, वेगाचा डायल २००० वर (म्हणजे १/२००० सेकंदावर) ठेवून बटण दाबायचं, मग १ सेकंदावर ठेवून दाबायचं. दोन्ही वेळा आवाज तोच. निष्कर्ष : शटर, म्हणजे फिल्मसमोर उघडमीट करणारा पडदा, गेलेलं आहे. प्रत्यक्षात कॅमेऱ्याला काहीही झालेलं नसतं. फ्रेमचा काउंटर १ वर येईपर्यंत एफ ३ चं शटर ऑटोवर असो की आकड्यावर, १/८० सेकंदानंच चालतं. निकॉननं हे मुद्दाम केलेलं आहे. रोल भरताना लेन्सला टोपी असेल आणि कॅमेरा ऑटोवर असेल, तर काळोख मोजून शटर आठ सेकंद उघडं राहिलं असतं आणि रिकाम्या फ्रेम पुढे सरकवायला ताटकळत बसावं लागलं असतं.

या कॅमेऱ्यात बिघाड वाटाव्यात अशा काही गोष्टी त्याचा स्वभाव असतात, आणि किरकोळ वाटणारे काही दोष पुढे खिसा रिकामा करतात. दोन्हींतला फरक कळला की एफ ३ घेणंही सोपं आणि चालवणंही.

निकॉनची व्यावसायिक मालिका १९५९ च्या 'एफ'पासून सुरू झाली. १९७१ ला एफ २ आला, १९८० ला एफ ३. पुढे १९८८ ला एफ ४ आला, तो बंदही झाला, तरी एफ ३ चं उत्पादन चालूच होतं. चालू शतक लागेपर्यंत तो नवाकोरा मिळत होता. बाह्यरूप इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांचं. मोटारींचे आराखडे करणारा हा माणूस. पकडीशेजारची बारीक लाल रेघ त्यांचीच, आणि ती निकॉनच्या पुढच्या कॅमेऱ्यांवर कायम राहिली. एफ ३ चं शटर मात्र विजेवर चालणारं होतं, आणि सेल संपला तर काम अडणार ही त्या काळच्या वृत्तछायाचित्रकारांची मोठी तक्रार होती. त्यांच्यासाठी लेन्सच्या बाजूला, पकडीकडच्या अंगाला, एक छोटी लिव्हर दिलेली आहे. सेल नसतानाही ती ओढली की शटर साधारण १/६० सेकंदानं उडतं. ही लिव्हर पुढे परत येईल, कारण तपासणीत तिचा फार उपयोग होतो.

कोणता एफ ३ घ्यायचा

बॉडी सगळ्यांची जवळपास सारखी. फरक आहे तो वरच्या प्रिझमचा, म्हणजे डोळा लावून बघायच्या फाइंडरचा. मूळ एफ ३ वर डीई-२ हा फाइंडर येत असे. नंतर आलेल्या एफ ३ एचपीवर डीई-३. एचपीमध्ये डोळा काचेपासून सुमारे २५ मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चौकट दिसते, म्हणून चष्मा लावणाऱ्यांनी दुसरा विचार करू नये. डीई-२ मध्ये चित्र थोडं मोठं दिसतं, पण चष्मा असेल तर कोपरे आणि वरचे आकडे बघायला डोकं हलवावं लागतं. दोन्हींत फिल्मवर येणारी चौकट शंभर टक्के दिसते. कडेला काय शिरतंय ते आधीच कळतं, आणि हाच व्यावसायिक कॅमेऱ्याचा मोठा फायदा. फाइंडर एकमेकांच्या जागी बसतात, त्यामुळे बॉडी चांगली आणि फाइंडर खराब असा कॅमेरा स्वस्तात मिळाला तर सोडू नका.

टायटॅनियमची आवरणं असलेला एफ ३ टी आणि वृत्तछायाचित्रकारांसाठी काढलेला एफ ३ पी हे संग्राहकांचे लाडके आहेत. फोटो काढायचे असतील तर त्यांच्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. फिल्मवर उमटणारं चित्र साध्या एफ ३ चं आणि त्यांचं एकच.

दुकानात बसून करायची तपासणी

सोबत चार वस्तू न्या : एलआर ४४ किंवा एसआर ४४ जातीचे दोन नवे बटण-सेल, एक नाणं, छोटी टॉर्च आणि सेकंद मोजणारा मोबाईल. दुकानदाराच्या जुन्या सेलवर केलेली चाचणी धरू नका. एसआर ४४, म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचे सेल, थोडे महाग असले तरी शेवटपर्यंत एकसारखा दाब देतात. साधे एलआर ४४ हळूहळू उतरत जातात. दोन बटण-सेलऐवजी ३ व्होल्टचा एकच सीआर-१/३ एन सेलही चालतो.

सेलचा कप्पा खालच्या बाजूला. झाकण नाण्यानं फिरवून उघडा आणि टॉर्च मारून आत बघा. हिरवी-पांढरी भुकटी दिसली तर पूर्वी सेल गळलेले आहेत. झाकणावर थोडीशी असेल तर ती निघते. पण कप्प्याच्या तळातल्या संपर्कापर्यंत गेली असेल तर तिनं आतली तार कुठपर्यंत खाल्लीय हे बाहेरून कळत नाही. किंमत त्या हिशोबानं पाडून घ्या किंवा सरळ सोडून द्या. तिथेच खाली मोटर जोडायच्या जागेवरचं फिरकीचं छोटं झाकण आहे का, तेही बघा. मोटर वापरणाऱ्यांच्या हातून ते हमखास हरवतं, आणि नंतर वेगळं शोधत बसावं लागतं.

आता सेल घाला, फिल्म सरकवायच्या लिव्हरभोवतालची कळ चालू करा आणि शटरचं बटण अर्धवट दाबा. फाइंडरमध्ये वरच्या पट्टीवर आकडे उमटले पाहिजेत. बोट उचलल्यावर ते साधारण सोळा सेकंद राहतात आणि मग आपोआप विझतात. आकडे फिकट असतील, तुटक असतील किंवा पट्टीवर काळा डाग पसरत असेल, तर एलसीडी म्हातारी झालीय. कॅमेरा तरीही चालतो, पण ही पट्टी नवी मिळणं अवघड. मधल्या काळात त्या एलसीडीबद्दल बरीच भीती पसरली होती. आज चाळीस वर्षांनंतरही बहुतेकांची शाबूत आहे. मात्र अंधारात आकडे दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. ती पट्टी प्रिझमच्या पुढच्या बाजूनं येणाऱ्या उजेडावर वाचली जाते. काळोखात बघायला फाइंडरच्या बाजूला एक इवलंसं लाल बटण आहे. नखानं दाबावं लागतं आणि त्याचा दिवा कसाबसा पुरतो. अख्ख्या कॅमेऱ्यातली ही सगळ्यात वाईट रचना म्हणायला हरकत नाही.

पुढची चाचणी मागचं झाकण बंद ठेवूनच करायची. फिल्मची लिव्हर मारत, बटण दाबत काउंटर १ च्या पुढे न्या. मग डायल ८ सेकंदांवर ठेवा आणि मोबाईलवर वेळ लावा. ४, २, १ असं खाली या. सेकंदांतले वेग मोबाईलवर, १/२ ते १/१५ कानानं. प्रत्येक पायरीला आवाजातलं अंतर निम्मं झालेलं स्पष्ट ऐकू येतं. १/१२५ च्या वरचं काही कानाला कळत नाही, त्यासाठी पहिला रोल चाचणीचाच काढावा लागतो. १/१०००, १/२००० या वेगांवर आभाळाचे किंवा एकसारख्या उजळ भिंतीचे फोटो काढा. या कॅमेऱ्यात शटरचे पडदे आडवे धावतात. दुसरा पडदा पहिल्याला गाठत असेल तर फ्रेमची डावी किंवा उजवी बाजू गडद येते. वरची-खालची बाजू गडद आली तर कारण दुसरं असतं.

प्रकाश मोजणारा मीटर तपासायची रीत याहून सोपी. ऑटोवर ठेवून एकसारख्या रंगाच्या भिंतीकडे रोखा. लेन्सची अॅपर्चर रिंग (प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारी) एफ/४ वर ठेवा, मग एफ/५.६, एफ/८, एफ/११. फाइंडरमधला वेग दर वेळी निम्मा झाला पाहिजे : ५००, २५०, १२५, ६०. आकडा उड्या मारत असेल, मध्येच गायब होत असेल, तर आतल्या रोधक पट्टीवर घाण बसलेली आहे. फिल्मचा वेग (आयएसओ) ठरवणारी रिंग पाच-सात वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा बघा. एवढ्यानं स्थिरावलं तर बरं. न स्थिरावलं तर कॅमेरा उघडून साफ करावा लागेल आणि तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

शेवटी सेल बाहेर काढा आणि ती बाजूची लिव्हर ओढून बघा. शटर उडालं तर यांत्रिक भाग ठीक. सेल घालून उडत नाही पण लिव्हरनं उडतं, असं झालं तर दोष विजेच्या बाजूला आहे. दोन्हींनी उडत नसेल तर परत ठेवा.

उरल्या डोळ्यांनी बघायच्या गोष्टी. लेन्स काढून आरशाच्या वरची फोमची पट्टी बघा. ती चिकट झाली असेल तर आरसा तिला चिकटतो आणि फोकसच्या काचेवर काळे कण पडतात. फाइंडरच्या दोन्ही बाजूंच्या कळा सरकवून तो वर उचला. आत काळे ठिपके दिसले तर आधी काच काढून बघा : काचेवरचा कचरा फुंकरीनं जातो, प्रिझमची चांदी उडालेली असेल तर जात नाही. चांदी उडाल्यानं फोटो बिघडत नाही, फक्त बघणं त्रासाचं होतं. शटरचे पडदे टायटॅनियमच्या पातळ पत्र्याचे आहेत. त्यांवर अंगठ्याची घडी, खळगा काही नको. आणि तुम्ही स्वतःही त्यांना बोट लावू नका.

आरसा पुसायचा नाही

याचं कारण कळलं तर मोह होणार नाही. एफ २ पर्यंत मीटर वरच्या प्रिझममध्ये असे. फाइंडर काढला की मीटर गेला. एफ ३ मध्ये तो बॉडीच्या तळाशी नेला. त्यासाठी मुख्य आरशाच्या मधल्या भागात डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी हजारो बारीक छिद्रं पाडलेली आहेत. त्यांतून थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडतो आणि तिथून खाली मीटरकडे वळतो. म्हणून कमरेजवळ धरून बघायचा डीडब्ल्यू-३, सहापट मोठं दाखवणारा डीडब्ल्यू-४, यांतला कुठलाही फाइंडर लावा, मीटर चालूच राहतो. आरशावर थेंबभर द्रव सोडून कापड फिरवलं, तर छिद्रांत मळ जातो, चांदीचा थर ओरखडतो. रबरी फुंकणी एवढंच त्याचं औषध.

रोल भरताना

रिवाइंडच्या गोल गुंडीजवळची सुरक्षा-कळ सरकवून गुंडी वर ओढली की मागचं झाकण उघडतं. फिल्मचा डबा डावीकडच्या कप्प्यात, गुंडी खाली दाबून तिचा दांडा डब्यात बसवा. फिल्मचं टोक उजवीकडच्या फिरत्या दांड्याच्या कुठल्याही खाचेत घाला. टोक फार आत कोंबू नका, नाहीतर रिवाइंडच्या वेळी ते खाचेत अडकून फाटतं. एकदा लिव्हर मारा. फिल्मच्या दोन्ही कडांची भोकं दातांवर बसलेली दिसली पाहिजेत, एकाच कडेची नाही. मगच झाकण बंद करा.

आता रिवाइंडची मूठ उलगडून बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवा, हाताला ताण लागला की थांबा. आतली ढिली फिल्म ताणली गेली. यानंतर लिव्हर मारताना ही गुंडी उलट्या दिशेनं फिरताना दिसली तरच फिल्म खरोखर सरकते आहे. काउंटर पुढे जातो यावर विश्वास ठेवू नका. तो रिकाम्या कॅमेऱ्यातही पुढे जातो. ३६ च्या रोलवर ४० वा फोटो निघाला तर आनंद मानण्याचं कारण नाही.

फिल्मचा वेग हातानं लावायचा असतो. डब्यावरचा चौकटींचा कोड एफ ३ वाचत नाही. डाव्या हाताकडची रिंग उचलून फिरवा, आयएसओ १२ पासून ६४०० पर्यंत. त्याच जागी भरपाईचा, म्हणजे मीटरचा हिशोब मुद्दाम कमी-जास्त करायचा, डायलही आहे, तो लॉक दाबूनच फिरतो. दोन्ही एकाच ठिकाणी असल्यानं घाईत चुकीची रिंग फिरते. मागच्या चौकटीत रोलच्या पेटीचा कापलेला तुकडा खोचून ठेवायची जागा आहे, ती वापरा. महिनाभर पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात काय भरलंय, हे तेव्हाच कळतं.

रोल संपला की लिव्हर मध्येच अडते. जोर लावायचा नाही. तळाचं रिवाइंडचं बटण दाबा, ते दाबलेलंच राहतं. मूठ बाणाच्या दिशेनं सावकाश फिरवा. ताण एकदम सुटला की टोक दांड्यावरून निघालेलं असतं. आणखी दोन-चार वेढे मारा आणि मग झाकण उघडा.

मीटर काय बघतो

इथे थोडं थांबायला हवं, कारण एफ ३ चे बिघडलेले फोटो बहुतेक इथे बिघडतात. फाइंडरच्या मधोमध १२ मिलिमीटरचं वर्तुळ आहे. मीटर ८० टक्के वजन त्या वर्तुळाला देतो आणि २० टक्के उरलेल्या चौकटीला. त्याच काळातल्या बऱ्याच निकॉनमध्ये हे प्रमाण ६०-४० होतं. सवय नसलेल्याला म्हणून एफ ३ लहरी वाटतो : चौकट जरा सरकली की आकडा बदलतो. तो लहरी नाही, नेमका आहे. वर्तुळात काय आहे याची जबाबदारी तुमची.

खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा फोटो घ्या. वर्तुळ खिडकीवर असेल तर चेहरा काळा येणार. दोन पावलं पुढे जा, वर्तुळ चेहऱ्यानं भरा, लेन्सशेजारचं मेमरी-लॉकचं (मोजलेला प्रकाश धरून ठेवणारं) बटण दाबून धरा, मागे येऊन चौकट जमवा आणि बोट न सोडता फोटो काढा. काळ्या बसाल्टच्या देवळाची भिंत चौकटभर असेल तर मीटर तिला करडी करायला बघेल. भरपाई उणे १ लावा. चुन्यानं रंगवलेल्या भिंतीला अधिक १. भरपाईची मर्यादा दोन्ही बाजूंना दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), पायऱ्या एक तृतीयांशाच्या. आणि फोटो झाला की डायल शून्यावर आणायचा, नाहीतर उरलेला रोल त्याच भरपाईनं जातो.

ऑटोमध्ये अॅपर्चर तुम्ही ठरवता, वेग कॅमेरा. +२००० दिसलं तर प्रकाश जास्त, अॅपर्चर बंद करा. −८ दिसलं तर प्रकाश अपुरा. आपल्याकडच्या उन्हाचा हिशोब आधीच करून ठेवलेला बरा. भर दुपारी ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ/१६ ला साधारण १/४०० सेकंद लागतं, म्हणजे एफ/८ ला १/१६००. एफ/५.६ ला कॅमेऱ्याची ताकद संपली. उन्हात पार्श्वभूमी पुसट करायची असेल तर १०० ची फिल्म भरा, तिला एफ/४ पर्यंत जाता येतं. सगळ्याच ऋतूंत ४०० वापरणाऱ्यांनी लेन्सला दोन-तीन स्टॉपचा, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर जवळ ठेवावा.

मॅन्युअलमध्ये पट्टीवर वेगाच्या आकड्यापुढे एम उमटतो आणि शेजारी अधिक-उण्याची खूण. फक्त अधिक दिसलं तर प्रकाश जास्त, फक्त उणे दिसलं तर कमी, दोन्ही एकदम दिसली की बरोबर. किती जास्त, किती कमी, हे मात्र तो सांगत नाही. रिंग फिरवूनच कळतं. मॅन्युअल ही एफ ३ ची जमेची बाजू नाही. हा ऑटो आणि मेमरी-लॉकवर वापरायचा कॅमेरा आहे, आणि त्यात तो अजूनही झकास आहे.

निगेटिव्ह फिल्म एका स्टॉपचा जादा प्रकाश सहज पचवते, कमी प्रकाश पचवत नाही. शंका असेल तर अधिकाच्या बाजूला जा. स्लाइडला हे गणित उलटं. तिथे अर्ध्या स्टॉपनंही उजळ भाग धुतला जातो.

तिपाईवरच्या मोठ्या एक्सपोजरसाठी आरसा वर अडकवायची कळ आहे. १/१५ ते १ सेकंदाच्या दरम्यान आरशाच्या धक्क्यानं फोटो सगळ्यात जास्त हलतो. आधी मोजा, तो वेग डायलवर लावा, मग आरसा वर करा. आरसा वर गेल्यावरच्या मीटरवर भिस्त ठेवायची नाही. केबल रिलीझ साधी, बाजारात मिळणारी फिरकीचीच चालते. रात्रीचे मिनिटभराचे फोटो घ्यायचे असतील तर डायलवर बी ऐवजी टी वापरा; दोन्हींत शटर हवं तितका वेळ उघडं ठेवता येतं. बी वर शटर उघडं असेपर्यंत सेल खर्ची पडतात. टी वर बाजूच्या लिव्हरनं शटर उघडता येतं आणि डायल टी वरून हलवला की ते बंद होतं.

फ्लॅश

इथे एफ ३ नं माणसांना रडवलं आहे. फ्लॅशची बैठक नेहमीच्या जागी नसून रिवाइंडच्या गुंडीभोवती आहे आणि तिचा आकारही स्वतःचाच. साधा फ्लॅश बसवायला एएस-४ किंवा एएस-७ अॅडॅप्टर लागतो. एएस-४ लावल्यावर रोल बदलायला सगळं उतरवावं लागतं. एएस-७ मध्ये ती कटकट नाही, मिळाला तर तोच घ्या. शटरचा सिंक वेग, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जलद वेग, फक्त १/८०. उन्हात चेहऱ्यावरची सावली भरायला १०० च्या फिल्मवर एफ/१६ ला जेमतेम जमतं, ४०० वर जमतच नाही. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र काही अडत नाही.

मोटर आणि लेन्स

एमडी-४ ही मोटर आठ पेन्सिल-सेलवर चालते आणि तिच्यातूनच कॅमेऱ्यालाही वीज मिळते. तिची पकड हाताला फार छान बसते, जड लेन्स तोलायला तिचा उपयोगही होतो. वजन मात्र दुप्पट होतं. खास रिचार्जेबल पॅक लावून आणि आरसा वर अडकवून ती सेकंदाला सहा फ्रेमपर्यंत जाते, म्हणजे ३६ चा रोल सहा सेकंदांत संपतो. आजच्या रोलच्या भावात हा आकडा वाचूनच समाधान मानावं. विकत घेताना सेलचा डबा उघडून बघा, गळती इथेच सर्वांत जास्त असते.

लेन्सच्या बाबतीत नियम एकच : अॅपर्चर रिंग हवी. निकॉनच्या लेन्सच्या जातींपैकी एआय, एआय-एस, आणि रिंग असलेल्या एएफ, एएफ-डी या सगळ्या चालतात. जी जातीच्या लेन्सना रिंगच नाही, त्या सगळ्यात लहान छिद्रावर अडकून बसतात. एआयच्या आधीच्या लेन्ससाठी माउंटजवळचा (लेन्स बसते त्या कड्याजवळचा) छोटा खटका दुमडून वर करता येतो, त्यामुळे त्या बसतात. फक्त मोजताना अॅपर्चर प्रत्यक्ष बंद करून मोजावं लागतं. खटका न दुमडता अशी लेन्स रेटून फिरवली तर तो मोडतो.

सुरुवात ५० मिलिमीटर एफ/१.८ नं करा. पुढे २८ एफ/२.८ एआय-एस, जी २० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, आणि चेहऱ्यांसाठी १०५ एफ/२.५. तिन्हींचा फिल्टर ५२ मिलिमीटरचा, म्हणजे एक पिवळा आणि एक एनडी सगळीकडे पुरतो. जुन्या लेन्समधून टॉर्च आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस, म्हणजे बुरशी आहे. थोडी धूळ चालते, फंगस नाही, कारण काचेवरचा थर एकदा खाल्ला की साफ करूनही डाग राहतात.

पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते. साठ-पासष्टच्या वर फंगसला जोर येतो. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवणं म्हणजे त्याला निमंत्रणच, चामडं ओल धरून ठेवतं. कापडाच्या बॅगेचंही तेच. ड्राय कॅबिनेट असेल तर ४० ते ५० टक्क्यांवर लावा. त्याहून खाली नेऊ नका, वंगण सुकतं. नसेल तर स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर दोन तास तापवून, गार करून परत वापरा. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत, त्यांची वाफ काचेवर बसते.

महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सगळ्या वेगांवर दहा-पंधरा वेळा चालवा. काउंटर १ च्या पुढे नेऊन, हे आलंच. वर्षभर न हललेले भाग अडकतात, वापरातले अडकत नाहीत. एसीच्या खोलीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत नेलात तर लेन्सवर आणि आरशावर बाष्प धरतं. बाहेर पडल्यावर बॅग बंद ठेवूनच अर्धा तास थांबा. फ्रिजमधला रोलही बंद डब्यासकट दोन-तीन तास बाहेर राहू द्या, मगच उघडा.

काढलेला रोल कॅमेऱ्यात पावसाळाभर ठेवू नका, लगेच धुवायला द्या. विमानानं जायचं असेल तर रोल हातातल्या बॅगेत पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हातानं तपासायची विनंती करा. नव्या सीटी जातीच्या यंत्रातून गेलेल्या फिल्मवर धूसर पट्टे येतात. सामानात टाकलेल्या बॅगेत तर रोल कधीच नको. आणि कॅमेरा दोन महिन्यांहून जास्त बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा, एमडी-४ मधले आठही.